मिसरातून सुटका झाली, पण बाहेरच्यांचं काय?

प्रश्न थोडक्यात असा होता: निर्गमाची कथा, म्हणजे मोशेने इस्राएल (इब्री) लोकांना मिसरातून (इजिप्तमधून) बाहेर काढल्याची जुन्या करारातली कथा, जगभर गुलामांच्या सुटकेची कथा म्हणून सांगतात, पण सुटका होते ती एकाच जमातीची. मग मिसरी, मिद्यानी, मवाबी, कनानी हे बाकीचे सगळे तिथे नुसते मरायला उभे केलेले शत्रू आहेत का? आणि तसं असेल तर उपऱ्याला छळू नका, तुम्हीही मिसरात उपरे होता, असं सारखं बजावणारा कायदा त्याच ग्रंथात कसा सापडतो?

मी जुना करार मराठीतून शिकवते आणि हा प्रश्न दर तुकडीत कुणीतरी विचारतंच. त्यावरची दोन तयार उत्तरं आपल्याकडे फिरत असतात. पहिलं प्रवचनातलं: देवाच्या योजनेत सगळ्यांना जागा आहे, बघा कनानी राहाब, बघा मवाबी रूथ. दुसरं चिडून दिलेलं: ही जेत्यांची पोथी आहे, तिच्यात बाहेरच्यांचं काय शोधायचं? दोन्ही उत्तरं अर्धा ग्रंथ वाचून दिलेली असतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या कथांत बाहेरच्या माणसाशिवाय सुटकेचं पान हलत नाही. मात्र त्याला आत घेतात ते एकट्यादुकट्याला, फार तर एका घराला. तोच माणूस आपल्या समाजासकट समोर आला की बहुधा वैरी ठरतो. हा नियम मोडणारी मोजकीच स्थळं आहेत, आणि ती बरेचदा वाचायची राहून जातात.

वाचायला सुरुवात मोशेपासून करू नका, हागारेपासून करा. उत्पत्ती या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात देव अब्राहामाला (तो तेव्हा अब्राम आहे) सांगतो, की तुझी संतती परक्या देशात उपरी होईल, तिथले लोक तिला राबवून घेतील, चारशे वर्षं गांजतील. लगेच १६वा अध्याय लागतो आणि त्याच अब्रामाच्या तंबूत एक दासी दिसते. ती मिसरी आहे. मालकिणीला मूल होत नाही म्हणून तिला मालकाकडे पाठवलं जातं, ती गरोदर राहते, आणि साराय तिला गांजू लागते. मिसरातल्या जाचासाठी जे क्रियापद वापरलं तेच इथे वापरलेलं आहे, तेव्हा हा योगायोग समजू नका. रचणाऱ्याने दोन चित्रं मुद्दाम समोरासमोर टांगली आहेत. गुलामीच्या जाचातून रानात पळून गेलेलं पहिलं माणूस म्हणजे इब्री घरातून पळालेली मिसरी बाई.

आणि तिला काय मिळतं? देवदूत पाण्याच्या झऱ्यापाशी भेटतो आणि म्हणतो, परत जा, मालकिणीच्या हाताखाली राहा. पुढे मोशेकरवी फारोला, म्हणजे मिसरच्या राजाला, ‘माझ्या लोकांना जाऊ दे’ असा जो निरोप जातो त्याच्या बरोबर उलटा हा निरोप. वर्गात इथे शांतता पसरते, आणि ती पसरू द्यावी असं माझं मत आहे. घाईने सारवासारव करू नये. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय अभ्यासक डेलोरेस विल्यम्स यांनी १९९३ मध्ये नेमक्या याच जागी बोट ठेवलं होतं: हागारेचा देव तिला मुक्त करत नाही, तिला तगून राहायला मदत करतो. तरीही मान तिला मोठा मिळाला आहे. देवाला नाव देणारी इब्री शास्त्रातली ती एकटीच. ‘मला पाहणारा देव’ हे तिने दिलेलं नाव. २१व्या अध्यायात तिला भाकर आणि पाण्याची मसक देऊन मुलासकट घालवून देतात. त्या मुलाचंही मोठं राष्ट्र होईल असं वचन तिथे आहे, पण कथा त्याच्यामागे जात नाही.

आता निर्गम. सुरुवातीला मोशेने बोटही हलवलेलं नसतं, आणि तरी तो वाचतो, ते पाच बायकांमुळे: दोन सुइणी, आई, बहीण आणि फारोची मुलगी. शिप्रा आणि पुवा या सुइणी इब्री होत्या की इब्री बायकांची बाळंतपणं करणाऱ्या मिसरी होत्या, हे मूळ वाक्यावरून ठरत नाही. ते दोन्ही प्रकारे वाचता येतं. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस त्यांना मिसरीच धरतो. मलाही तेच पटतं, कारण आपल्याच जातभाईंची पोरं मारायचा हुकूम फारो त्यांच्याच सुइणींना देईल आणि त्या पाळतील अशी अपेक्षा ठेवेल, हे जरा अवघड वाटतं. फारोने जाब विचारल्यावर त्या म्हणतात, इब्री बायका मिसरी बायकांसारख्या नाहीत, धडधाकट आहेत, सुईण पोचायच्या आत मोकळ्या होतात. राजाचा परक्यांबद्दलचा जो पूर्वग्रह आहे तोच त्याच्या गळ्यात मारून सुटतात. एक गोष्ट लक्षात ठेवा: या पुस्तकात कोणत्याही फारोचं नाव नाही, सुइणींची नावं मात्र आहेत.

फारोच्या मुलीचा प्रसंग सगळ्यांना पाठ असतो, म्हणून त्यातलं महत्त्वाचं निसटतं. लव्हाळ्यांत डांबर लावलेली पेटी, रडणारं पोर, आणि तिचं पहिलं वाक्य: हे इब्री लोकांचं मूल आहे. म्हणजे तिला नेमकं ठाऊक आहे की ती कुणाचा हुकूम मोडते आहे. मग बाळाची बहीण पुढे येते, दूध पाजायला इब्री दाई आणू का म्हणून विचारते, आणि राजकन्या खऱ्या आईला सांगते: याला पाज, मी तुला पगार देईन. ज्या राज्याने पोर नदीत टाकायला सांगितलं त्याच राज्याच्या तिजोरीतून आईला पोर सांभाळायचे पैसे मिळतात. पुढे यहुदी परंपरेने या मुलीला नाव दिलं, बायबलातल्या ‘१ इतिहास’ या पुस्तकात फारोची एक मुलगी बिथ्या म्हणून येते तिच्याशी सांगड घालून. निर्गमात ती बिननावाचीच आहे, आणि दहाव्या पिडेच्या रात्री, म्हणजे मिसरातली प्रथम जन्मलेली मुलं मरतात त्या रात्री, तिचं काय झालं हे कथा सांगत नाही. माझ्या मते हे मोठं न्यून आहे.

मोशे स्वतः तरी आतला किती? मिद्यानात विहिरीवर तो मुलींच्या मेंढरांना पाणी पाजतो, तेव्हा त्या घरी जाऊन सांगतात: एका मिसरी माणसाने आम्हाला सोडवलं. कपड्यांवरून, बोलण्यावरून तो मिसरीच दिसत असणार. त्याच घरात तो जावई होतो आणि पहिल्या मुलाचं नाव ठेवताना आपण परक्या मुलखात उपरे असल्याचं सांगतो. मिसराच्या वाटेवर मुक्कामात देवच त्याच्या जिवावर उठतो, असा चौथ्या अध्यायातला तीन ओळींचा विलक्षण प्रसंग आहे. तिथे त्याला वाचवते ती मिद्यानी बायको सिप्पोरा, गारगोटीच्या धारेने मुलाची सुंता करून. या तीन ओळींचा पक्का अर्थ लावल्याचा दावा कुणी केला तर मी सावध होते.

सासरा इथ्रो हा मिद्यानाचा याजक. १८वा अध्याय नीट वाचा, कारण तो सीनाय पर्वतावर नियमशास्त्र मिळण्याच्या आधी ठेवलेला आहे. इथ्रो येतो, मोशे त्याला लवून नमस्कार करतो, तो यज्ञ करतो आणि मोशेचा भाऊ अहरोन याच्यासकट इस्राएलाचे वडील त्याच्याबरोबर जेवायला बसतात. दुसऱ्या दिवशी तो जावयाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करत बसलेलं बघतो आणि सरळ सांगतो, हे काही बरं चाललेलं नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील. मग हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेमायची घडी तोच बसवून देतो. सुटलेल्या गुलामांची पहिली न्यायव्यवस्था एका परधर्मी याजकाच्या डोक्यातून आली, आणि ग्रंथाने ते झाकलेलं नाही. इतकंच काय, याहवे हा देवच इस्राएलाकडे दक्षिणेकडच्या मिद्यानी-केनी टोळ्यांकडून आला असावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. सुदानातल्या सोलेब इथल्या तिसऱ्या आमेनहोतेपच्या मंदिरात, म्हणजे इ. स. पू. १४व्या शतकात, शासू नावाच्या भटक्या लोकांच्या मुलखांची यादी कोरली आहे आणि तिच्यात या देवाच्या नावाशी जुळणारं एक नाव आहे. त्याने सगळं सिद्ध होत नाही, पण इथ्रोचा अध्याय त्या उजेडात वेगळा दिसतो.

आता माझा नियम इथे लावून बघा. इथ्रो, सिप्पोरा, पुढे दबोरेच्या काळात इस्राएलाचा वैरी सेनापती सीसरा याच्या कानशिलात तंबूची मेख ठोकणारी केनी घरातली याएल, ही सगळी एकेकटी माणसं किंवा घरं आहेत, आणि त्यांचा मान मोठा आहे. गणना या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात मात्र मिद्यान हे राष्ट्र म्हणून समोर येतं. तिथे मोशेच्या हुकमाने पुरुष, पोरगे आणि लग्न झालेल्या बायका मारल्या जातात, आणि पुरुषाशी संबंध न आलेल्या ३२,००० मुली लुटीत मोजल्या जातात. हुकूम देणाऱ्याची बायको मिद्यानी. ग्रंथ या विसंगतीवर अवाक्षर काढत नाही.

मिसरातून निघाले ते तरी सगळे इब्री कुठे होते? निर्गम १२:३८ सांगतं की त्यांच्याबरोबर मोठा मिश्र समुदाय निघाला. म्हणजे बाहेरचे लोक समाज म्हणून आत आल्याचं एक उदाहरण इथे आहे. त्याचं पुढे काय झालं बघा. गणनाच्या ११व्या अध्यायात मांस हवं म्हणून कुरकुर सुरू होते, आणि तिचा दोष आधी या गोळा झालेल्या लोकांवर जातो. मग इस्राएलही रडू लागतात. मध्ययुगात, ११व्या शतकातला मोठा भाष्यकार राशी सोन्याच्या वासराचं पापही (सीनायपाशी लोकांनी सोन्याचं वासरू करून पुजलं ते) याच मिश्र समुदायाच्या माथी मारतो, मूळ कथेत तसं काही नसताना. सुटकेच्या रात्री सोबत चाललेल्यांना वाळवंटात पहिली अडचण येताच बोल लावायला सुरुवात होते. हे ओळखायला फार दूर जावं लागत नाही.

वल्हांडणाचा, म्हणजे सुटकेच्या रात्रीच्या जेवणाचा, नियम निर्गमाच्या त्याच १२व्या अध्यायात आहे, आणि तो तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाची किल्ली आहे. परक्याने हे जेवण खाऊ नये. मजूर आणि तात्पुरता राहणारा यांनीही नाही. पण तुमच्यात राहणाऱ्या उपऱ्याने घरातल्या सगळ्या पुरुषांची सुंता करून घेतली तर त्याने बसावं, आणि मग देशात जन्मलेला आणि उपरी यांना एकच नियम. थोडक्यात, दार आहे, पण ते घराघरासाठी आहे. नियमशास्त्रात ज्याचं रक्षण करायला सांगितलं तो उपरी म्हणजे आपला मुलूख सोडून आलेला, जमीन नसलेला, कुळाचा आधार नसलेला माणूस. म्हणून त्याचं नाव विधवा आणि अनाथ यांच्या जोडीला येतं. तालमूद या रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) ग्रंथात रब्बी एलियेजर यांच्या नावावर एक गणती आहे: अशा माणसाला दुखवू नका हे तोरा (मोशेची पाच पुस्तकं) ३६ वेळा बजावते, कुणाच्या मते ४६ वेळा. दुसरा परका म्हणजे ज्याचं स्वतःचं राज्य, गोत, व्यापार शाबूत आहे तो. त्याच्याकडून व्याज घ्यावं, सातव्या वर्षीही त्याच्याकडची वसुली थांबवू नये, असं ‘अनुवाद’ या मोशेच्या पाचव्या पुस्तकात आहे. आणि लेवीय या पुस्तकाचा २५वा अध्याय तर आसपासच्या राष्ट्रांतून दास-दासी विकत घेऊन पिढ्यान्‌पिढ्या वारशाने द्यायची मुभा देतं. मिसरातल्या गुलामीची आठवण त्याच अध्यायात, काही ओळींच्या अंतरावर आहे.

म्हणून त्या दोन गोष्टी एकाच ग्रंथात कशा, याचं उत्तर असं, की त्या एकाच आठवणीच्या दोन बाजू आहेत. आम्ही एकटे, निराधार होतो म्हणून एकट्याला जपा. आम्हाला एका बलाढ्य समाजाने चिरडलं म्हणून दुसऱ्या समाजाला डोकं वर काढू देऊ नका. याच मजकुरात मध्येच असा नियमही सापडतो, की मालकाकडून पळून आलेला गुलाम परत देऊ नका, तो म्हणेल त्या गावात राहू द्या. त्या काळच्या पश्चिम आशियात पळालेले गुलाम परत करण्याचे करार राजे आपसात करत असत, हे लक्षात घेतलं तर हा नियम किती चमत्कारिक आहे ते कळतं.

आणि मग राहाब. मोशेनंतर यहोशवाच्या हाताखाली इस्राएल कनान देश जिंकायला येतात, तेव्हाची ही गोष्ट. यहोशवाचा दुसरा अध्याय मी नेहमी निर्गम १२ शेजारी ठेवून वाचायला लावते. यरीहोच्या तटाला लागून घर असलेली वेश्या, छपरावर वाळत घातलेल्या जवसाच्या काड्या, त्यांखाली लपवलेले दोन हेर. हे हेर तसे गबाळेच. पहिल्याच रात्री त्यांचा सुगावा राजापर्यंत पोचतो. राहाब सैनिकांना भलतीकडे पिटाळते, छपरावर येते आणि निर्गमाची कथा हेरांनाच ऐकवते: तुमच्यापुढे समुद्र कसा आटला ते आम्ही ऐकलंय. मग सौदा करते. आई, बाप, भाऊ, बहिणी, सगळे वाचले पाहिजेत, आणि खूण द्या. हेर अटी घालतात: खिडकीला किरमिजी दोर बांध, सगळ्यांना घरात गोळा कर, जो दाराबाहेर पडेल त्याचं रक्त त्याच्याच माथी. आता वल्हांडणाची रात्र आठवा: दाराच्या चौकटीला रक्ताची तांबडी खूण, घरातल्या घरात राहायचं, सकाळपर्यंत कुणी उंबरा ओलांडायचा नाही. राहाबचं घर म्हणजे वल्हांडणाचं घर आहे. फरक एवढाच, की या वेळी संहार करत येणारे इस्राएल आहेत. मिसरात जे दाराआड थरथरत बसले होते त्यांची मुलं आता रस्त्यावर तलवारी घेऊन आहेत, आणि दाराआड कनानी कुटुंब आहे. कथाकाराला हे दिसत नव्हतं असं मला वाटत नाही. हल्ल्याच्या आधी यहोशवाला उपसलेली तलवार घेऊन एक पुरुष भेटतो. यहोशवा विचारतो, तू आमच्या बाजूचा की वैऱ्यांच्या? उत्तर येतं: नाही. म्हणजे दोन्हींपैकी नाही.

राहाबचं कुटुंब वाचतं, आधी छावणीबाहेर ठेवलं जातं, मग इस्राएलात राहतं. पुढच्याच अध्यायात आखान, ज्याची यहूदा वंशातली तीन-चार पिढ्यांची नावं कौतुकाने दिली आहेत, तो लूट लपवल्याबद्दल मुलाबाळांसकट मारला जातो. आतला आत राहील आणि बाहेरचा बाहेर, याची खात्री हा ग्रंथ देत नाही. शहर मात्र जळतंच. गिबोन या कनानातल्या गावच्या लोकांना हे बरोबर कळलं होतं. ते फाटकी गोणपाटं, ठिगळं लावलेली पायताणं, बुरसटलेल्या भाकरी घेऊन आले आणि आम्ही लांबून आलोय म्हणून खोटं बोलून करार करून घेतला. जवळचा समाज म्हणून गेलो तर मरू, लांबचे म्हणून गेलो तर वाचू, हा हिशेब त्यांनी केला. जीव वाचला, पण लाकडं फोडायला आणि पाणी भरायला लागले.

इतिहासाचं इथे थोडं सांगावं लागेल. कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात यरीहोत उत्खनन केलं, आणि यहोशवाचा काळ मानतात त्या सुमाराला तिथे पाडण्याजोगा तटच नव्हता असा त्यांचा निष्कर्ष निघाला. मिसरचा राजा मेर्नेप्ता याच्या इ. स. पू. १२०८च्या आसपासच्या शिलालेखात इस्राएलाचं नाव बायबलबाहेर प्रथम येतं, आणि ते कनानातल्या इतर नावांच्या रांगेत येतं. डोंगराळ भागातल्या त्या काळच्या लहान वस्त्यांतली मडकी-भांडी कनानी परंपरेतलीच आहेत. त्यामुळे पहिले इस्राएल बव्हंशी कनानातलेच लोक होते, हे मत आज जोरात आहे. म्हणजे ज्यांचा समूळ संहार केल्याच्या कथा आहेत ते एका अर्थी आजे-पणजेच, आणि कथा लिहिल्या गेल्या कित्येक शतकांनंतर. ऐकायला बरं वाटतं, पण याने सगळं भागत नाही. ओसेज जमातीचे अभ्यासक रॉबर्ट ॲलन वॉरियर यांनी १९८९ मध्ये लिहिलं, की अमेरिकेतला मूळ रहिवासी ही कथा वाचतो तेव्हा तो स्वतःला कनान्यांच्या जागी बघतो, आणि कत्तल प्रत्यक्षात झाली नव्हती असं सांगितल्याने त्याला फरक पडत नाही, कारण लिहिलेली कथाच पुढे वापरली गेली. या मुद्द्याला मला आजवर पुरेसं उत्तर सापडलेलं नाही.

तुम्ही मवाबाचं नाव घेतलंत, म्हणून एका दगडाची ओळख करून देते. १८६८ मध्ये क्लाइन नावाच्या मिशनऱ्याला आजच्या जॉर्डनमधल्या धिबान इथे काळ्या बसाल्टचा एक शिलालेख दिसला. पुढच्या वर्षी स्थानिक टोळीवाल्यांनी तो फोडला, पण त्याआधी ओल्या कागदावर ठसा घेतलेला होता, म्हणून बहुतेक मजकूर वाचता आला. तुकडे जोडलेला तो दगड पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. ३४ ओळी, इ. स. पू. ८४०च्या आसपास, बोलणारा मवाबाचा राजा मेशा. तो म्हणतो: इस्राएलाचा राजा अम्री याने मवाबाला पुष्कळ काळ गांजलं, कारण आमचा देव कमोश आपल्या देशावर रागावला होता. मग कमोशाने मला इस्राएलाकडून नबो हे गाव घ्यायला सांगितलं. मी रात्री निघालो, पहाटेपासून दुपारपर्यंत लढलो, आणि तिथल्या ७,००० जणांना, बायका-मुलींसकट, देवाला वाहून मारलं. याहवेची पात्रं ओढत कमोशासमोर आणली. खंदक खणायला इस्राएलाचे कैदी लावले.

हा इब्री कथांचा आरसा आहे. भाषा इतकी जवळची की इब्री येणाऱ्याला ती बरीचशी कळते. जाचाचं क्रियापद तेच, देवाचा राग तोच, देवाला वाहून केलेली कत्तलही तीच. फक्त गांजणारा इस्राएल आहे आणि सुटणारा मवाब. बाहेरच्यांचीही सुटकेची कथा असते, आणि तिच्यात आपण फारोच्या जागी असू शकतो, याचा इतका जुना पुरावा दुसऱ्या समाजाच्या स्वतःच्या शब्दांत क्वचितच मिळतो. गंमत अशी, की मवाब्यांना दहाव्या पिढीपर्यंतही मंडळीत घेऊ नका असं अनुवाद २३ म्हणतं, आणि इस्राएलाचा राजा दावीद याची पणजी मवाबी रूथ. ती आली कशी? एकटी, विधवा, सासूच्या मागोमाग, शेतात सरवा वेचत. पुन्हा तोच नियम. आणि मोशेला पुरलं ते मवाब देशातल्याच दरीत, नबो डोंगराच्या परिसरात. कबर कुठे आहे ते कुणाला ठाऊक नाही.

आता नियम मोडणारी स्थळं. अनुवादाचा दुसरा अध्याय भूगोलाची रटाळ जंत्री म्हणून सगळे ओलांडून जातात. तिथे देव इस्राएलाला बजावतो, की अदोमाला, मवाबाला, अम्मोनाला डिवचू नका, त्यांची पाऊलभर जमीनही तुम्हाला मिळणार नाही, ती मी एसावाच्या आणि लोटाच्या वंशजांना दिली आहे. त्यांच्यासाठीही मीच आधीचे लोक हुसकावले. हे उदार म्हणा किंवा भयंकर म्हणा. पण वचनदत्त देश हा एकट्या इस्राएलाचा मक्ता नाही, हे नियमशास्त्रातच लिहिलेलं आहे.

संदेष्टा आमोस त्याहून पुढे जातो. इ. स. पू. आठव्या शतकातला हा तकोवाचा मेंढपाळ उत्तरेच्या राज्यात जाऊन सुखवस्तू लोकांना सुनावतो (९:७): तुम्ही मला कूशी (मिसराच्या दक्षिणेकडच्या) लोकांसारखेच नाही का? मी इस्राएलाला मिसरातून आणलं, तसंच पलिष्ट्यांना कफतोरातून आणि अरामी लोकांना कीराहून आणलं नाही का? पलिष्टी आणि अरामी म्हणजे नेमके हाडवैरी. निर्गम एकदाच झाला नाही, वैऱ्यांचेही निर्गम झाले आणि ते घडवणाराही तोच, असं आमोस एका श्लोकात सांगून मोकळा होतो. इथे बाहेरचा माणूस घर म्हणून येत नाही, राष्ट्र म्हणून येतो. यशयाच्या १९व्या अध्यायात तर मिसरीच जुलमामुळे देवाचा धावा करतात, देव त्यांना तारणारा पाठवतो, आणि शेवटी ‘माझी प्रजा’ हे शब्द मिसराला लावले जातात. नंतरच्या रब्बींनीही हा धागा अगदीच तोडला नाही. तालमूदमध्ये असं आहे, की समुद्रात मिसरी बुडत असताना देवदूत स्तोत्र गाऊ लागले, तेव्हा देव म्हणाला, माझ्या हातची निर्मिती बुडते आहे आणि तुम्ही गाता?

बाबेलात पकडून नेलेल्या यहुद्यांची तिथून झालेली दुसरी सुटका मी थोडक्यात उरकते, खरं तर ती वेगळ्या उत्तराचा विषय आहे. इ. स. पू. ५३९ मध्ये इराणी राजा कोरेश (सायरस) याने बाबेल घेतलं. यशया ४५ त्याला देवाचा अभिषिक्त म्हणतं, आणि लगेच म्हणतं की तू मला ओळखत नाहीस. कोरेशाचा मातीचा दंडगोल १८७९ मध्ये बाबेलच्या अवशेषांत सापडला. २०१३-१४ मध्ये तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आला होता, तुमच्यापैकी काहींनी बघितलाही असेल. त्यावर कोरेशाला निवडणारा देव मार्दुक आहे, आणि यरुशलेमचं नावही नाही. असा परका तारणारा ज्यांना घरी पाठवतो तेच लोक एज्रा या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायांत परक्या बायका आणि त्यांची मुलं बाहेर घालवतात. रूथची कथा याला उत्तर म्हणून रचली गेली असं काही अभ्यासक म्हणतात; काळ ठरवणं कठीण आहे, पण ती दोन पुस्तकं शेजारी ठेवली की भांडण स्पष्ट ऐकू येतं.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक जोड. ही सुटकेची कथा मराठीत घराघरात वाचणाऱ्या पहिल्या लोकांत बहुधा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठीसह निघाली आणि १८७४ मध्ये पुण्यात. पुण्याच्या प्रतीत साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना चितारल्या आहेत. त्या रात्रीच्या कथनाची सुरुवातच, जो कुणी भुकेला असेल त्याने यावं आणि जेवावं, या आमंत्रणाने होते, आणि त्याच जेवणाचा मूळ नियम मघाशी सांगितला तसा, परक्याने खाऊ नये, असा आहे. ‘परक्या’चे शेजारी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांत ही दोन वाक्यं एकाच रात्री, मराठी अर्थासह समोर असत.

तुम्हाला स्वतः वाचून बघायचं असेल तर रांगेने पुस्तकं वाचू नका. उत्पत्ती १५, १६ आणि २१ एका बैठकीत. मग निर्गम १, २ आणि १८. त्यानंतर निर्गम १२ आणि यहोशवा २ शेजारी-शेजारी, शक्य असेल तर दोन प्रती उघडून. गणना ३१ टाळू नका, आणि तो वाचल्यावर त्याच दिवशी आमोस ९:७ वाचून मन हलकं करू नका. मधे एक-दोन दिवस जाऊ द्या. रूथ शेवटी, एज्रा ९ आणि १० झाल्यावर.